पश्चिमेच्या जिन्याला हाताने कोरलेली दगडी जाळी: जाडी, दगड आणि बसवणी

पश्चिमखिडकी

पुण्याजवळच्या एका दुमजली घराच्या जिन्याला पश्चिमेकडे २.४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच गाळा मोकळा ठेवला आहे. तिथे काच न लावता हाताने कोरलेली दगडी जाळी बसवायची आहे. दुपारचं ऊन अडावं, वारा खेळावा आणि रस्त्यावरून आतलं दिसू नये, एवढंच तिच्याकडून हवं आहे. वर स्वतंत्र बीम आहे, म्हणजे जाळीवर भिंतीचा भार नाही.

दोन प्रस्ताव हातात आहेत. एक, ३० मिमी जाडीचा पांढरा संगमरवर, २० मिमीची छिद्रं, बारीक वेलबुट्टी. दुसरा, ५० मिमी जाडीचा धोलपूर वालुकाश्म, साधी भौमितिक नक्षी. दोघेही 'पूर्ण हातकाम' म्हणतात. यातला कोणता घ्यावा, छिद्रं आणि मधल्या पट्ट्या किती मापाच्या असाव्यात, आणि जाळी बसवताना नेमकं काय चुकतं, ते जाणकारांनी सांगावं.

कोनमापक

नक्षी शेवटी ठरवा, आधी प्रमाण ठरवा. ऊन अडतं ते छिद्राची उंची आणि दगडाची जाडी यांच्या प्रमाणामुळे. किरण वरच्या बाहेरच्या कडेवरून आत शिरतो आणि दगडाच्या जाडीएवढं अंतर कापेपर्यंत खाली उतरतो. तेवढ्यात तो छिद्राच्या उंचीएवढा उतरला, तर आतल्या कडेवर आपटून संपतो.

५० मिमी जाडीत ५० मिमीचं छिद्र घेतलं तर ४५ अंशांच्या वरचं सगळं थेट ऊन अडतं. ७५ मिमी जाडीत तेच छिद्र घेतलं तर साधारण ३४ अंशांच्या वरचं अडतं. (हा कोन भिंतीला काटकोनात धरून मोजायचा, सूर्याची नुसती क्षितिजापासूनची उंची नव्हे.) पुण्याच्या अक्षांशावर नेमक्या पश्चिमेच्या भिंतीसाठी याचा अर्थ असा: मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास ५० मिमी जाडीची जाळी साडेतीनपर्यंत थेट ऊन आत येऊ देणार नाही, ७५ मिमीची सव्वाचारपर्यंत. मेमध्ये दोन्ही वेळा पंधरा-वीस मिनिटं पुढे सरकतात. त्यानंतर ऊन येणारच, पण एकदम नाही. कोन २० अंशांवर येतो तेव्हाही ७५ मिमीच्या जाळीत छिद्राचा निम्म्याहून जास्त भाग सावलीत असतो. पावणेचार ते सव्वापाच हीच पश्चिमेची सगळ्यात त्रासाची वेळ, म्हणून ते वाढीव २५ मिमी मोलाचे आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमचा ३० मिमी जाडी आणि २० मिमी छिद्राचा संगमरवर ऊन अडवण्यात ७५/५० एवढाच चांगला आहे, कारण प्रमाण तेच. त्याची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. २० मिमीच्या छिद्रांमधल्या पट्ट्या १०-१२ मिमीच्या होतात, आणि अशी पट्टी जिन्यावरून जाणाऱ्या कपाटाचा कोपरा लागला तरी तुटते. छिद्रात बोट घालून पुसता येत नाही, धूळ बसून राहते. पावसाचं पाणी एवढ्या लहान छिद्रात पडद्यासारखं धरून राहतं. शिवाय वेलबुट्टीत प्रत्येक छिद्राचं माप वेगळं असतं, त्यामुळे वरचं गणित पानागणिक बदलतं. मोठ्या पानाच्या पोकळीतून ऊन सरळ आत येतं.

तुमच्या गाळ्याचं गणित मांडून देतो. तीन उभे रकाने, प्रत्येकात तीन, असे नऊ तुकडे करा. उभे सांधे चार, प्रत्येकी ६ मिमी. आडवे खालचा आणि मधले दोन ६ मिमीचे, वरचा मात्र १२ मिमीचा. उरलेल्या मापात एक तुकडा ७९२ × ९९० मिमी येतो. आता ५० मिमीची छिद्रं, उभ्या पट्ट्या २५ मिमी, आडव्या ३० मिमी घ्या. रुंदीत ९ छिद्रं बसतात, उंचीत ११, आणि चारही बाजूंना ७०-७१ मिमीचा भरीव काठ उरतो. काठ चारही बाजूंनी सारखा येणं महत्त्वाचं. छिद्रं पूर्णांकात बसत नसतील तर काठ किंवा पट्टीचं माप बदला, नक्षी ताणू नका. ताणलेली अष्टकोनी नक्षी दहा फुटांवरूनही वाकडी दिसते.

अशा तुकड्यात ९९ छिद्रं होतात आणि मोकळी जागा जेमतेम ३२ टक्के. वालुकाश्माची घनता २३५० किलो प्रति घनमीटर धरली तर ७५ मिमी जाडीचा कोरलेला तुकडा सुमारे ९५ किलोचा होतो आणि नऊ मिळून साडेआठशे किलो. हा आकडा तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आजच द्या, कारण वजन खालच्या बीमवर येणार आहे. वाऱ्याची चिंता फारशी नको: पुण्यासाठी मूलभूत वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला तरी दाब ०.९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरच्या आसपास येतो, तो ७५ मिमीचा दगड सहज पेलतो. जाळी तुटते ती माणसाच्या धक्क्याने. म्हणून तिला कठडा समजू नका, जिन्याचा कठडा आतून वेगळा लावा.

आणखी दोन खुलासे. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की जाळीच्या छिद्रातून जाताना हवा दाबली जाते आणि थंड होते. तसं होत नाही. छिद्रात वेग वाढतो आणि पलीकडे वितभर अंतरावर पुन्हा कमी होतो, तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. थंडावा वाटतो तो सावलीमुळे आणि अंगावरून हवा वाहत राहिल्यामुळे. त्यासाठी समोरच्या बाजूला, शक्यतो उंचावर, हवा बाहेर जायला वाट हवी. ती नसेल तर जाळी कितीही सुंदर असो, जिना कोंदटच राहील. दुसरं, आडोसा फक्त दिवसा मिळतो, कारण तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा अंधार असतो. रात्री आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं. जिन्याचे दिवे जाळीच्या भिंतीवर खालून वर मारले तर हे बरंच कमी होतं.

टाकीचे घाव

वरच्या गणिताशी सहमत. दगड आणि कोरीवकामाबद्दल लिहितो.

बाहेरच्या, पावसात भिजणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला संगमरवर टाळा. तो कॅल्साइट आहे, म्हणजे आम्लात विरघळणारं खनिज. शहरातल्या किंचित आम्लयुक्त पावसाने त्याची झिलई जाते आणि बारीक कड बोथट होते. छपराखाली, आतल्या बाजूला तो अप्रतिम टिकतो. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीचा अष्टकोनी संगमरवरी जाळीचा कठडा पाहा, किंवा फत्तेपूर सिक्रीत सलीम चिश्तींच्या दर्ग्यातल्या जाळ्या. दर्ग्यात त्या बाहेरच्या बाजूला आहेत, पण वर रुंद छज्जा आहे.

तुमच्यासाठी धोलपूर किंवा बन्सी पहाडपूर (हाही राजस्थानचाच वालुकाश्म) बरा. नावावर मात्र जाऊ नका, शिळा पाहा. एकाच खाणीत घट्ट आणि भुसभुशीत दोन्ही थर निघतात. सुतकीने हलकं ठोकल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आला तर आत चीर आहे. मग पाणी ओतून पाहा. ओल्या दगडावर नस आणि चिरा गडद रेघेसारख्या उठून दिसतात. शेवटी एक तुकडा वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, वरचं पाणी टिपून पुन्हा वजन करा. अडीच टक्क्यांहून जास्त पाणी प्यायला तर तो लॉट परत पाठवा. रीतसर अहवाल हवा असेल तर प्रयोगशाळेत आयएस ११२४ या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी करून मिळते.

थरांचा मुद्दा फार कमी लोक विचारतात. वालुकाश्म थराथराने बनलेला असतो आणि लाद्या थरालगतच फोडल्या जातात, त्यामुळे थर जाळीच्या चेहऱ्याला समांतर येतात. पट्ट्यांच्या मजबुतीसाठी हेच योग्य, कारण थर आडवे छेदणारी बारीक पट्टी त्या थरावरच निखळते. पण अशीच शिळा उभी लावली आणि पाणी थरात शिरलं की पुढचा पापुद्रा पोपड्यासारखा सुटतो. दोन्हींतून वाट एकच: थराच्या रेघा डोळ्यांना दिसतच नाहीत असा एकजीव दगड. पट्टेदार, लाकडासारख्या रेघांचा दगड फरशीला चालेल, जाळीला नको.

कोरण्याची पद्धत कारागिराला विचारा, उत्तरावरून माणूस कळतो. शिळा वाळूच्या गादीवर ठेवतात, म्हणजे घावाचा हादरा पसरतो. खाका दोन्ही बाजूंना उतरवायचा आणि कोपऱ्यांत चार आरपार भोकं पाडून दोन्ही खाके जुळतात का बघायचं. मग प्रत्येक छिद्राच्या मध्यावर १०-१२ मिमीचं भोक, अर्धं पुढून आणि अर्धं मागून. एकाच बाजूने आरपार मारलं तर बाहेर पडताना मागचा दगड कपची होऊन उडतो. त्यानंतर टाकी नेहमी पट्टीकडून भोकाकडे चालवायची, म्हणजे सुटणारा दगड पोकळीत पडतो, पट्टीवर जोर येत नाही. जाडीच्या निम्म्यापर्यंत पुढून उघडायचं, शिळा उलटवून मागून. सगळी छिद्रं आधी ३-४ मिमी कमी मापाची उघडायची, मध्यापासून काठाकडे सरकत, आणि मगच कानस लावून मापात आणायची. एक कोपरा पूर्ण करून दुसरीकडे गेलं की तयार झालेल्या नाजूक पट्ट्यांना उरलेल्या कामाचे हादरे बसतात. बहुतेक तुकडे शेवटच्या दहा-पंधरा छिद्रांत तुटतात, ते याच कारणाने.

दोन गोष्टी नकाशात लिहून द्या. छिद्राचे आतले कोपरे अगदी टोकदार नकोत, ३ मिमी गोलाई हवी. तडा टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो. आणि प्रत्येक छिद्राच्या तळाला बाहेरच्या बाजूला ६ मिमीचा ढाळ. आतली कड तशीच राहते म्हणून कोनमापक यांचं उन्हाचं गणित बदलत नाही, पण पाणी साचत नाही. आडवी पट्टी ३० मिमीची घेतली आहे ती यासाठीच उपयोगी पडते, ढाळ काढूनही चेहऱ्यावर २४ मिमी उरतात.

'पूर्ण हातकाम' ओळखायचं तर छिद्राच्या आत बघा. वॉटरजेटने (पाण्याच्या जोरदार धारेने कापणाऱ्या यंत्राने) कापलेल्या छिद्राच्या भिंती सरळ असतात आणि त्यांवर बारीक उभ्या रेषा दिसतात. सगळी छिद्रं केसाएवढीही वेगळी नसतात. हातकामात आत टाकीचे घाव दिसतात, कडा दोन्हीकडून उतरत्या असतात आणि उन्हात प्रत्येक छिद्राची सावली थोडी निराळी पडते. वॉटरजेटने फक्त पोकळी उघडून कडा, ढाळ आणि चेहरा हाताने करणं हा मार्ग मला योग्य वाटतो. मोडतोड घटते आणि नजर जिथे जाते तिथलं काम हाताचंच राहतं. पण तसं असेल तर दरपत्रकात तसं लिहिलेलं असावं आणि दरही त्याप्रमाणे असावा.

आणि कृपया धुळीबद्दल विचारा. वालुकाश्मात बहुतांश क्वार्ट्झ असतं. कोरड्या ग्राइंडरने कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. राजस्थानातल्या पिंडवाड्यासारख्या कोरीवकामाच्या गावांनी याची भयंकर किंमत मोजली आहे, आणि राज्य सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं. कापणं आणि भोकं पाडणं पाण्याच्या धारेखाली, घासकामाला धूळ ओढणारं यंत्र आणि नीट बसणारा मास्क, या अटी करारात घाला आणि त्यासाठी दर वाढवून द्या. गमछा बांधून ही धूळ अडत नाही.

काळाकातळ

मग आपल्याच काळ्या दगडात का करू नये? त्याला थरही नसतात.

टाकीचे घाव

करता येते, पण नक्षी बदलावी लागेल. बेसाल्ट घनतेने २८०० किलो प्रति घनमीटरच्या पुढे असतो, टाकीला फार हळू सुटतो आणि त्यात वायूच्या पोकळ्या असतात. २५ मिमीच्या पट्टीत वाटाण्याएवढी पोकळी आली की पट्टी गेली. ८०-९० मिमीची चौकोनी छिद्रं आणि ५० मिमीच्या पट्ट्या अशी दणकट जाळी काळ्या दगडात फार देखणी दिसते. छिद्र मोठं झालं की जाडीही त्या प्रमाणात १२५ मिमीपर्यंत न्यावी लागेल, आणि वजनाचा हिशेब नव्याने करावा लागेल.

पश्चिमखिडकी

मनापासून आभार. संगमरवर रद्द, ७५ मिमीचा एकजीव वालुकाश्म आणि वर दिलेली मापं पक्की करतो. आता बसवणी. गवंडी म्हणतो चारही बाजूंनी सिमेंट भरून टाकू, हलणार नाही. आणि पावसाळ्यात पश्चिमेचा झोत थेट येतो, त्याचं काय?

चुनागच्ची

'हलणार नाही' हाच धोका आहे. ३ मीटर उंचीचा वालुकाश्म ४० अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतो, आणि वरचा बीम वर्षानुवर्षं थोडा झुकत जातो. चारही बाजू सिमेंटने आवळल्या की बीम जाळीवर टेकतो आणि सगळ्यात बारीक पट्टी आधी फुटते. वरचा १२ मिमीचा सांधा त्यासाठीच आहे. त्यात कडक काहीही भरू नका.

क्रम असा ठेवा. मधल्या दोन्ही उभ्या सांध्यांच्या मागे स्टेनलेस स्टीलचे उभे आधार खालच्या आणि वरच्या बीमला बांधा, त्यांचं माप इंजिनिअर देईल. सांध्यावर दोन तुकड्यांचे काठ मिळून १४८ मिमीचा भरीव पट्टा तयार होतो, त्याच्या मागे ते दिसणारही नाहीत. हा पट्टा लपवायचा प्रयत्न करू नका. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीत (१५७२-७३) चौकोनी गाळ्यांच्या खिडक्या आहेत, तिथे लहान चौकोनी तुकड्यांमधल्या भरीव पट्ट्यांनीच संपूर्ण खिडकीला शिस्त आली आहे.

प्रत्येक तुकड्याला स्टेनलेस स्टीलच्या चार पिना: १० मिमी जाडीच्या, १०० मिमी लांबीच्या, निम्म्या तुकड्यात आणि निम्म्या शेजारच्या दगडात किंवा आधारावरच्या क्लिपमध्ये. भोक १२ मिमीचं, दगडाच्या जाडीच्या बरोबर मध्यावर. खालच्या दोन पिना इपॉक्सीने पक्क्या करा, वरच्या दोन प्लास्टिकच्या नळीत सैल ठेवा, म्हणजे तुकडा उभा सरकू शकतो. पुण्यात ३०४ ग्रेडचं स्टील पुरेल, कोकणात ३१६ घ्या. साधी लोखंडी सळई कोणी 'दिसणार नाही' म्हणून वापरत असेल तर तिथेच थांबवा. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. जुन्या वास्तूंमध्ये जिथे लोखंडी पट्ट्या आणि खुंट्या होत्या, तिथले कोपरे असेच उडालेले दिसतात.

सांध्यांत राखाडी सिमेंट नको. त्यातले क्षार पाण्याबरोबर दगडात शिरतात, पृष्ठभागावर येऊन पांढरे होतात आणि हळूहळू कण सुटायला लागतात. फिकट धोलपूरवर तर काळपट ओलसर डाग कायमचे बसतात. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, आणि रंग जुळवायला त्याच दगडाची भुकटी. वरचा सांधा आणि बाजूच्या भिंतीलगतचे सांधे मागे फोमची दोरी घालून न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणाऱ्या), दगडावर डाग न पाडणाऱ्या सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन दगडाला लावू नये.

पाऊस पूर्ण अडणार नाही हे गृहीत धरा. नैर्ऋत्येचा वारा पाणी छिद्रांतून आत फेकतोच. वर किमान ६०० मिमीचा छज्जा, त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच, जाळीखालच्या दगडी उंबऱ्याला बाहेर ढाळ आणि बाहेरच्या कडेखाली तशीच खाच. आत जाळीलगत एक बारीक पन्हळ ठेवून तिला निचरा द्या, आणि लँडिंगची फरशी पॉलिश केलेली नको. मागे काचेचे उघडणारे पल्ले लावायचे असतील तर जाळीपासून निदान माणूस हात घालून पुसू शकेल एवढं अंतर ठेवा. दोन इंचांवर बंद काच लावली की मधली धूळ आणि कोळिष्टकं कायमची. डासांची जाळी लावाल तर तीही काढता येणाऱ्या चौकटीत, आणि तिने वारा कमी होतो हे धरून चाला.

कबुतरांबाबत तुमचं ५० मिमीचं छिद्र बरोबर सीमेवर आहे, आत शिरणार नाहीत पण बाहेरच्या उंबऱ्यावर बसतील. उंबऱ्याचा ढाळ ४५ अंशांच्या जवळ नेला तर बसत नाहीत.

धुताना पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. ॲसिड कधीही नाही: चुन्याचे सांधे विरघळतात आणि दगडातलं लोह तपकिरी होऊन बाहेर येतं. पाणी झटकणारं आवरण द्यायचंच असेल तर सिलेन-सिलोक्सेन जातीचं, श्वास घेऊ देणारं, आणि दगड पूर्ण कोरडा असताना. चकाकणारं वॉर्निश ओल आत कोंडतं आणि पापुद्रा घेऊनच निघतं.

टाकीचे घाव

वाहतुकीचं राहिलं होतं. तुकडे कधीही आडवे ठेवून आणू नका, रस्त्याचा प्रत्येक खड्डा पट्ट्यांना वाकवतो. लाकडी पेटीत लांब कडेवर, किंचित तिरपे, मध्ये फोम. छिद्रात दोर घालून उचलायचं नाही. खालच्या काठाखालून दोन रुंद पट्टे घ्या. ९५ किलोला चार माणसं आणि वरच्या दोन ओळींसाठी चेन पुली.

एक पट्टी तुटली तर घाबरू नका. तुकडा जपून ठेवा, दोन्ही बाजूंना ४ मिमीची आटे असलेली स्टेनलेस पिन आणि इपॉक्सी, सांध्यावर दगडाची भुकटी. एका तुकड्यात दोनपेक्षा जास्त पट्ट्या गेल्या असतील तर मात्र तो बदलून घ्या. त्यासाठी त्याच लॉटमधली एक कोरी शिळा जास्तीची मागवून ठेवा, पुढच्या वर्षी तोच रंग मिळत नाही. आणि नऊच्या नऊ सुरू करण्याआधी एकच तुकडा पूर्ण करून घ्या, तो गाळ्यात उभा करा आणि दुपारी चारला त्याच्या मागे उभं राहून बघा. छिद्राचं माप बदलायचं असेल तर ते तेव्हाच बदलता येतं.